जातांना आठ तास, येतांना सात

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे निघालेलें विमान अटलांटिक महासागर ओलांडून सुमारें आठ तासांनीं मुक्कामाला पोंचतें. तेंच विमान तितक्याच उतारूंना घेऊन परत फिरलें म्हणजे मात्र सुमारें सात तासांतच लंडनला येऊन टेकतें. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत आहे, अशीं घरें आज मुंबई-पुण्यांत आळोआळीं आढळतात. लंडनला विमान बदलून नातवंडांच्या भेटीस जाणाऱ्या आजीआजोबांच्या प्रवासाच्या कागदांत हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं दिसतात, आणि हिशेबी मनुष्याच्या मनांत एक प्रश्न सहजच उभा राहतो. समुद्र एकच, विमान एकच, त्याचा वेगहि एकच. मग हा एक तास जातो कोठें?

या प्रश्नाचीं दोन उत्तरें पुष्कळदां ऐकूं येतात, आणि तीं दोन्ही चुकीचीं आहेत. पहिलें उत्तर घड्याळाचें. न्यूयॉर्कचें घड्याळ वर्षांतील बहुतेक दिवस लंडनच्या पांच तास मागें असतें. त्यामुळें लंडनहून सकाळीं अकराला निघालेला प्रवासी आठ तास प्रवास करूनहि न्यूयॉर्कला दुपारीं दोनला उतरतो. आणि न्यूयॉर्कहून सायंकाळीं सातला निघालेला प्रवासी सात तासांनीं उतरतो तेव्हां लंडनमध्यें सकाळचे सात वाजलेले असतात. भिंतीवरचीं घड्याळें पाहिलीं तर पहिला प्रवास तीन तासांचा आणि दुसरा बारा तासांचा वाटतो. पण मनगटावरचें घड्याळ न फिरवितां तसेंच ठेवलें, तर आठ आणि सात हेच आंकडे हातीं येतात. ज्या एका तासाचा शोध घ्यावयाचा, तो घड्याळांच्या फरकांत दडलेला नाहीं.

दुसरें उत्तर पृथ्वीच्या फिरण्याचें. विमान हवेंत असतांना खालून पृथ्वी फिरत राहते, म्हणून एका बाजूचा प्रवास लवकर होतो, असें समजणारे लोक सुशिक्षितांतहि थोडे नाहींत. तें खरें असतें तर शनिवारवाड्यावर तासभर एका जागीं तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरखालून पुणें शहर पूर्वेकडे सुमारें १,५८० किलोमीटर निघून गेलें असतें आणि वैमानिकाला खालीं ओमानजवळचा समुद्र दिसला असता. तसें होत नाहीं, कारण पृथ्वीबरोबर तिचें वातावरणहि फिरतें. शिवाय पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमानाखालून जमीन सरकत असती, तर न्यूयॉर्कच लंडनहून येणाऱ्या विमानाला सामोरें आलें असतें आणि पश्चिमेचा प्रवास लवकर आटोपला असता. अनुभव नेमका याच्या उलट आहे.

आतां अंतराचा विचार करावा. हीथ्रो आणि केनेडी यांमधील सर्वांत जवळचें अंतर सुमारें ५,५५० किलोमीटर, म्हणजे सुमारें ३,४५० मैल आहे. भिंतीवरील सपाट नकाशावर पट्टी ठेवून हें अंतर काढतां येत नाहीं. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांच्या जागीं टांचण्या टोंचून त्यांमध्यें दोरा ताणला, म्हणजे खरा जवळचा मार्ग दिसतो. न्यूयॉर्क हें लंडनच्या बरेंच दक्षिणेस आहे. तरी हा दोरा लंडनहून निघतांना पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे झुकतो, आयर्लंडमधील शॅननजवळून समुद्रावर उतरतो, पलीकडे न्यूफाउंडलंड बेटावरील गँडर या गांवाजवळून जातो आणि मग नैर्ऋत्येकडे वळत न्यूयॉर्कला पोंचतो. अशा ताणलेल्या दोऱ्याच्या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग नकाशावर सरळ दिसला, तरी तो यापेक्षां सुमारें २०० किलोमीटरांनीं लांब पडतो. पण हा दोरा जातांना जेवढा लांब तेवढाच येतांनाहि लांब. जमिनीच्या हिशेबानें दोन्ही प्रवासांत कांहींच भेद नाहीं. भेद आहे तो हवेच्या हिशेबांत.

अंकगणितांतील नौकेचें उदाहरण शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल. नदीच्या ओघाबरोबर जाणारी नौका लवकर पोंचते, ओघाविरुद्ध येणारी उशिरां. विमानाची स्थिति अगदीं तशीच आहे. विमान हवेला धरून चालतें. खुद्द हवाच पूर्वेकडे वाहत असेल, तर पूर्वेस जाणाऱ्या विमानाच्या वेगांत तिचा वेग मिळतो आणि पश्चिमेस जाणाऱ्याच्या वेगांतून वजा होतो. हवेंतील वेग ताशीं ९०० किलोमीटर धरावा. हवा स्थिर असेल तर ५,५५० किलोमीटर कापण्यास ६ तास १० मिनिटें लागतील. जाणें-येणें मिळून १२ तास २० मिनिटें. आतां पश्चिमेकडून ताशीं १०० किलोमीटरचा वारा वाहत आहे असें समजावें. न्यूयॉर्कहून लंडनला विमान ताशीं १,००० किलोमीटरच्या वेगानें ५ तास ३३ मिनिटांत येईल. उलट जातांना ताशीं ८०० च्या वेगानें त्यास ६ तास ५६ मिनिटें लागतील. धांवपट्टीपर्यंत सरकत जाणें, रांगेंत थांबणें, उतरण्यापूर्वीं घिरट्या घालणें, हा वेळ त्यांत मिळविला म्हणजे वेळापत्रकांतले सात आणि आठ तास होतात.

या हिशेबांत एक मेख आहे. वारा एका बाजूस जितका वेळ वांचवितो, तितकाच दुसऱ्या बाजूस घेतो, असें कोणासहि वाटेल. पण ५ तास ३३ मिनिटें आणि ६ तास ५६ मिनिटें यांची बेरीज १२ तास २९ मिनिटें होते. म्हणजे नऊ मिनिटांचा तोटा. वारा दुप्पट, म्हणजे ताशीं २०० किलोमीटर झाला, तर एका बाजूस ५ तास ३ मिनिटें आणि दुसऱ्या बाजूस ७ तास ५६ मिनिटें लागून हा तोटा एकोणचाळीस मिनिटांवर जातो. कारण उघड आहे. प्रतिकूल वाऱ्यांत विमान मंद चालतें, म्हणून त्या वाऱ्याच्या तडाख्यांत तें अधिक वेळ सांपडतें; अनुकूल वाऱ्याचा लाभ त्यास थोडाच वेळ मिळतो. पूर्वेकडे येतांना केलेली उसनवार पश्चिमेकडे जातांना व्याजासह फेडावी लागते.

हा धडा विमानांच्या आधीं जहाजांनीं शिकविला, आणि तोहि याच समुद्रांत. १७६८ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकन वसाहतींच्या टपालखात्याचा अधिकारी असून लंडनमध्यें राहत होता. इंग्लंडांतील फालमथ बंदरांतून न्यूयॉर्कला जाणारीं टपालाचीं गलबतें व्यापारी जहाजांपेक्षां सुमारें पंधरवडाभर उशिरां पोंचतात, अशी तक्रार त्याच्या कानीं आली. त्यानें आपला नातलग टिमथी फोल्जर यास कारण विचारलें. फोल्जर हा नँटकेट बेटावरचा कप्तान. देवमाशांची शिकार करणाऱ्या तेथील लोकांना त्या समुद्राची नाडी ठाऊक होती. त्यानें सांगितलें कीं, अमेरिकेच्या किनाऱ्यानें ईशान्येकडे वाहणारा एक जोरदार प्रवाह समुद्रांत आहे, आणि टपालाचीं गलबतें नेमकीं त्याच्याच तोंडावर जाऊन झगडत बसतात. प्रवाहाबाहेर पडा, असें देवमासे मारणारे लोक त्या कप्तानांना भर समुद्रांत सांगत. पण अडाणी मच्छीमारांचा सल्ला घेणें कप्तानांना कमीपणाचें वाटे. फोल्जरच्या माहितीवरून फ्रँकलिननें या गल्फ प्रवाहाचा नकाशा छापविला. इंग्रज कप्तानांनीं त्याचीहि उपेक्षाच केली, आणि टपाल उशिरां पोंचत राहिलें.

हवेंतील प्रवाहाचा असाच अनुभव माणसास १९१९ सालीं आला. त्या वर्षाच्या जून महिन्यांत अल्कॉक व ब्राउन या दोन ब्रिटिश वैमानिकांनीं न्यूफाउंडलंडहून निघून सुमारें १६ तासांत आयर्लंड गांठलें आणि अटलांटिक महासागर विमानानें न थांबतां ओलांडण्याचा पहिला मान मिळविला. ते पश्चिमेकडून पूर्वेकडे आले, कारण त्या समुद्रावर वारा बहुधा पश्चिमेचाच असतो. पुढच्याच महिन्यांत ‘आर-३४’ हें ब्रिटिश वायुनौकेचें प्रचंड धूड स्कॉटलंडहून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला गेलें आणि परत आलें. जाण्यास त्यास १०८ तास लागले, येण्यास ७५. एकाच नौकेनें, एकाच महिन्यांत केलेल्या या दोन फेऱ्यांतील ३३ तासांचा फरक वाऱ्याचें बळ जितक्या स्पष्टपणें सांगतो, तितकें एखादें व्याख्यानहि सांगणार नाहीं.

वाऱ्याविरुद्धच्या वाटेवर माणसें गमावण्याची वेळहि लवकरच आली. ८ मे १९२७ रोजीं नुंजेसेर व कोली हे दोन नामांकित फ्रेंच वैमानिक पॅरिसहून न्यूयॉर्ककडे निघाले. त्यांचें विमान न्यूयॉर्कला कधींच पोंचलें नाहीं, आणि त्या दोघांचा ठावठिकाणा आजवर लागलेला नाहीं. बाराच दिवसांनीं चार्ल्स लिंडबर्ग हा तरुण अमेरिकन एकटाच न्यूयॉर्कहून उलट दिशेनें निघाला आणि साडेतेहेतीस तासांत पॅरिसला उतरला. फ्रेंच वैमानिकांचा घात नेमका कशानें झाला हें ठरलेलें नाहीं. पण त्यांनीं समुद्राची कठीण बाजू पत्करली होती एवढें निश्चित. विमानास पश्चिमेकडे न थांबतां हा समुद्र ओलांडतां येण्यास १९२८ चा एप्रिल उजाडावा लागला. ‘ब्रेमेन’ नांवाचें तें विमान डब्लिनजवळून न्यूयॉर्कसाठीं निघालें आणि सुमारें ३६ तास झगडून कॅनडांतील ग्रीनली नांवाच्या बेटावर कसेंबसें उतरलें.

उतारूंची वाहतूक सुरू झाल्यावर पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना वाटेंत शॅनन किंवा गँडर येथें थांबून तेल भरावें लागे. जेट विमानें आलीं तरी आरंभीं ही अडचण सुटली नाहीं. ४ ऑक्टोबर १९५८ रोजीं ब्रिटिश कंपनीचीं दोन ‘कॉमेट’ विमानें समुद्राच्या दोन बाजूंनीं एकाच दिवशीं निघालीं. न्यूयॉर्कहून निघालेलें विमान ६ तास ११ मिनिटांत लंडनला पोंचलें. लंडनहून निघालेल्या विमानास गँडरचा मुक्काम धरून १० तास २२ मिनिटें लागलीं. १९६० च्या मे महिन्यांत एअर इंडियानें लंडनपर्यंतची आपली वाहतूक न्यूयॉर्कपर्यंत वाढविली आणि भारतीय वैमानिकहि या वाऱ्याच्या हिशेबांत आले.

हा वारा उंचावर किती जोराचा असतो, हें पद्धतशीरपणें मोजून छापणाऱ्यांत एक जपानी शास्त्रज्ञ अग्रभागीं होता. वासाबुरो ओइशी यानें तोक्योच्या ईशान्येस असलेल्या तातेनोच्या वेधशाळेंतून आकाशांत फुगे सोडून त्यांच्या गतीवरून वाऱ्याचा वेग काढला. हिंवाळ्यांत सुमारें नऊ किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा प्रचंड वारा वाहतो, असें त्यास आढळलें. सर्व जगानें वाचावें म्हणून त्यानें आपला अहवाल १९२६ सालीं एस्पेरांतो या मुद्दाम बनविलेल्या जागतिक भाषेंत छापला. ती भाषा जाणणारे इतके थोडे, कीं तो अहवाल परदेशांत फारसा कोणींच वाचला नाहीं. १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून बॉम्ब टाकण्यास आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना त्याच वाऱ्यानें गांठलें. नेम चुकले, बॉम्ब भलतीकडे पडले. अठरा वर्षांपूर्वीं छापलेली गोष्ट वैमानिकांना नव्यानें शिकावी लागली. फोल्जरचे सोबती मच्छीमार म्हणून त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. ओइशीची भाषा निराळी म्हणून त्याचें कोणीं वाचलें नाहीं.

या वाऱ्यास आतां जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडील हवा उष्ण आणि ध्रुवाकडील थंड. या दोहोंच्या सीमेवर उंच आकाशांत हवेच्या दाबांत मोठा फरक पडतो. त्या फरकानें उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळें पूर्वेकडे वळते, आणि नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर नदीसारखा नागमोडी ओघ तयार होतो. हिंवाळ्यांत उष्ण-थंड हवेंतील फरक वाढतो, तसा ओघहि वाढतो. क्वचित् त्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरच्याहि पुढें जातो. पृथ्वीच्या फिरण्याचें उत्तर आरंभीं चुकीचें ठरलें, तें तसें सर्वस्वीं निराधार नव्हे. पृथ्वी विमानाखालून सरकत नाहीं, पण विमान ज्या वाऱ्यांत उडतें त्यास दिशा देण्याचें काम तीच करते.

आज या ज्ञानाचा उपयोग दररोज होतो. उत्तर अटलांटिकवरील गर्दीचे मार्ग कायमचे ठरलेले नाहींत. स्कॉटलंडमधील प्रेस्टविक आणि कॅनडांतील गँडर येथील नियंत्रक त्या त्या दिवसाचा वारा पाहून ते रोज नव्यानें आंखतात. पूर्वेकडे येणारीं विमानें बहुतांशीं रात्रीं निघतात, आणि त्यांचे मार्ग जेट प्रवाह साधून काढलेले असतात. पश्चिमेकडचीं विमानें दिवसां जातात, आणि त्यांचे मार्ग प्रवाहास वळसा घालतात. गोलावर ताणलेला तो जवळचा दोरा आकाशांत पुष्कळदां सोडून द्यावा लागतो. कांहीं अंतर अधिक चालूनहि विमान लवकर पोंचतें आणि तेलहि कमी जळतें.

इतकेंच नव्हे, तर समुद्राचा मध्य कोठें आहे हेंहि वाराच ठरवितो. शॅनन ते गँडर हें अंतर सुमारें ३,२०० किलोमीटर. त्याचा मध्य १,६०० किलोमीटरवर. पश्चिमेकडे चाललेल्या विमानांत, शॅनन १,७०० किलोमीटर मागें टाकल्यावर, एखाद्या वृद्ध उतारूला हृदयविकाराचा झटका आला असें समजावें. गँडर आतां १,५०० किलोमीटरवर आहे. तेंच जवळचें दिसतें. पण पुढें जावयाचें तर वाऱ्याविरुद्ध ताशीं ८०० च्या वेगानें १ तास ५२ मिनिटें लागतील, आणि मागें फिरलें तर वाऱ्याबरोबर ताशीं १,००० च्या वेगानें १ तास ४२ मिनिटें. दूरचें शॅननच दहा मिनिटांनीं जवळ आहे, आणि त्या उतारूच्या दृष्टीनें दहा मिनिटें थोडीं नव्हेत. दोन्ही बाजूंस सारखा वेळ लागेल असा बिंदु या उदाहरणांत शॅननपासून सुमारें १,७८० किलोमीटरवर येतो. वैमानिक तो बिंदु उड्डाणापूर्वींच काढून ठेवतात. आणीबाणीच्या क्षणीं हिशेब मांडावयास सवड नसते.

या वाऱ्याच्या कक्षेंतून बाहेर पडण्याचा प्रयत्न एका विमानानें केला. ‘कॉंकॉर्ड’ हें ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणारें विमान १९७७ पासून २००३ पर्यंत न्यूयॉर्कला जात असे. तें १८ किलोमीटरपर्यंत उंच, म्हणजे जेट प्रवाहाच्या वर चढे. त्यामुळें त्याचे मार्ग रोज बदलावे लागत नसत. लंडन-न्यूयॉर्क प्रवास सुमारें साडेतीन तासांचा झाला, आणि घड्याळें पाहिलीं तर उतारू निघाल्या वेळेच्या आधींच पोंचूं लागले. तरीहि ७ फेब्रुवारी १९९६ रोजीं या विमानानें २ तास ५२ मिनिटें ५९ सेकंदांचा जो विक्रम केला, तो न्यूयॉर्कहून लंडनला येतांनाच केला. साध्या जेट विमानांतहि असाच पराक्रम फेब्रुवारी २०२० मध्यें घडला. एका मोठ्या वादळाच्या दिवसांत जेट प्रवाहाच्या पाठबळावर एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलें. जमिनीच्या मानानें त्याचा वेग ताशीं १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. हवेच्या मानानें मात्र तें नेहमींच्याच चालीनें चाललें होतें.

वाऱ्याच्या व्याजाचा प्रश्न पुढील काळांत अधिक महत्त्वाचा होण्याचीं चिन्हें आहेत. इंग्लंडांतील रेडिंग विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ पॉल विल्यम्स यांनीं २०१६ सालीं नेमक्या याच दोन विमानतळांमधील प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेंतील कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण दुप्पट झाल्यास या मार्गावर हिंवाळ्यांतील जेट प्रवाह बळावेल. येणें थोडें लवकर होईल, जाणें त्याहून अधिक लांबेल, आणि अटलांटिकवरील सर्व विमानें मिळून वर्षाकांठीं सुमारें २,००० तास अधिक हवेंत राहतील, असा त्यांचा अंदाज आहे. नौकेच्या उदाहरणांतील नऊ मिनिटांचा तोटा तो हाच. तेवढे तास तेल अधिक जळेल, त्याचा धूर त्याच हवेंत मिसळेल, आणि ज्या कारणानें वारा वाढला त्यांतच भर पडेल.

तेव्हां हरवलेल्या तासाचें उत्तर असें आहे. दोन गांवांमधील अंतर जमीन ठरविते. तें तोडण्यास लागणारा वेळ मधली हवा ठरविते. नातवंडांना भेटून परतणारे आजीआजोबा रात्रीं न्यूयॉर्कहून निघून सकाळीं लवकर लंडनला उतरतात, तेव्हां वैमानिकाच्या कौशल्याचें कौतुक ते करतात आणि तें रास्तच असतें. पण त्या कौशल्यांत नँटकेटच्या मच्छीमारांचा आणि तातेनोच्या वेधशाळेंत फुग्यांकडे डोळे लावून बसलेल्या त्या जपानी शास्त्रज्ञाचाहि वाटा आहे.